अर्नाळा बेट: शनिवार-रविवारची सहल, पण तिथी पाहून

निळीशाई (धागाकर्ती)

डिसेंबर-जानेवारीत एक शनिवार-रविवार धरून छोट्या बेटावर जायचं आहे. अट एकच: बेटावर मासेमारी करणारं जिवंत गाव हवं, रिसॉर्ट नको. मुंबईच्या उपनगरातून निघणार. सहा जण आहोत, त्यांत दोघं पासष्टीच्या पुढची (एकांचे गुडघे दुखतात) आणि एक सात वर्षांचा मुलगा. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि अर्नाळा अशी तीन नावं डोक्यात आहेत. प्रश्न असे:

१. यांतलं कुठलं निवडावं?
२. होडीत चढ-उतार किती कठीण आहे?
३. किल्ला किती वेळात नीट बघून होतो?
४. मासेमारीचं काम जवळून बघता येतं का? लोकांना त्रास न देता कसं बघावं?
५. मासळी विकत घेऊन घरी आणता येईल का?

---

गडवाटा

तुमच्या सहा जणांसाठी अर्नाळा. खांदेरीला थळहून होडी करून जावं लागतं, समुद्र जास्त मोकळा आहे आणि बेटावर गाव नाही. १८६७ चा दीपस्तंभ, कोळ्यांचं श्रद्धास्थान असलेला वेताळ आणि ठोकल्यावर धातूसारखा आवाज देणारा खडक यांसाठी तिथे जरूर जा, पण ती सहल वेगळी. सुवर्णदुर्गाच्या आत वस्ती नाही. कोळीवाडा आणि मासळीचा लिलाव समोर हर्णै बंदरात, आणि मुंबईहून दोन दिवसांत ते दमवणारं होतं.

अर्नाळ्यात बेटावरच गाव आहे, ग्रामपंचायतीचं नावही 'अर्नाळा किल्ला' असंच. विरार पश्चिमेला उतरायचं, एसटी, पालिकेची बस किंवा शेअर रिक्षा घ्यायची. स्टेशनपासून अर्नाळा साधारण ८-१० किलोमीटर. तिथून थोडं चालून किनारा, आणि होडीचा प्रवास पाच-दहा मिनिटांचा.

---

पाऊणपट

प्रश्न २ चं उत्तर तिथीवर आहे, त्यामुळे शनिवार निवडण्याआधी पंचांग उघडा. या बेटावरची सहल बिघडते ती बहुतेक वेळा याच कारणाने: लोक सुट्टी पाहून निघतात, पाणी पाहून नाही.

आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला हिशेब असा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तो भरतीचा तास. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून एकने सुरू.

द्वितीया: २ × पाऊण = दीड. म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती, आणि रात्रीही साधारण त्याच वेळेला.
पंचमी: पावणेचार.
अष्टमी: सहा.
एकादशी: सव्वाआठ.
त्रयोदशी: पावणेदहा.
पौर्णिमा किंवा अमावास्या: सव्वाअकरा ते बारा.

भरतीनंतर सुमारे सहा तास बारा मिनिटांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. त्यानंतर तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती. रोज वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चाला. मुंबईपासून उत्तरेकडे जाल तशी भरती थोडी उशिरा येते, त्यामुळे अर्नाळ्याला चूक झालीच तर 'उशिरा'च्या बाजूने होईल. छापील भरती-ओहोटीचं कोष्टक मिळालं तर तेच वापरा, पाऊणपट पडताळणीला ठेवा.

आता दुसरी गोष्ट, ती वेळेइतकीच महत्त्वाची. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. सगळा चढ बारा भागांत धरला तर पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या पट्ट्यात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. ४.२ मीटर धरा. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी तासाला एक मीटरहून जास्त हलतं. 'अर्ध्या तासात येतो' म्हणून मंडळी किल्ल्यात रेंगाळतात, आणि सकाळी जिथे होडी टेकली होती तिथे परत येईपर्यंत ओला चिखल उरलेला असतो. मग होडी लांब उभी राहते आणि तिथपर्यंत गाळातून चालायचं. दुखऱ्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

म्हणून भरतीच्या वेळेच्या आधी अडीच तास ते नंतर दोन-अडीच तास, एवढ्या खिडकीत जाणं-येणं दोन्ही बसवा.

---

निळीशाई

हे अगदी हवं होतं. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास जावं की अष्टमीच्या? उधाण टाळावं असं सगळीकडे वाचते.

---

पाऊणपट

उधाण टाळा हा सल्ला पावसाळ्यातला आहे, आणि तिथे तो शंभर टक्के खरा. हिवाळ्यात समुद्र शांत असतो, वाऱ्याचा जोर नसतो, तेव्हा उधाणाचा अर्थ फक्त 'पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं' एवढाच.

तुमच्यासाठी मी पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा ते तृतीया सुचवेन. भरती पाऊण ते सव्वादोनच्या दरम्यान, म्हणजे तिथीप्रमाणे सव्वादहा ते पावणेबाराला चढत्या पाण्यावर जायचं आणि तीन-साडेतीनला परतायचं. चढ-उतार दोन्ही वेळा पाणी किनाऱ्याजवळ. शिवाय त्या दिवसांत मासेमारी जोरात असते. त्याचं कारण 'वलांडी' जास्त नीट सांगतील.

एक सावधगिरी: सर्वांत मोठं उधाण पौर्णिमेच्याच दिवशी नसतं, एक-दोन दिवस मागाहून येतं. त्यामुळे द्वितीया-तृतीयेला खिडकी काटेकोर पाळा.

---

वलांडी

प्रश्न ४ साठी लिहितो.

अर्नाळा, वसई, उत्तन हा डोलीचा पट्टा आहे. डोल म्हणजे नरसाळ्यासारखं लांब पिशवीचं जाळं. समुद्राच्या तळात खुंट रोवलेले असतात, त्या जागेला कव म्हणतात. खुंटांना डोलीचं तोंड बांधतात, तोंड प्रवाहाकडे. तोंडाकडची जाळीची घरं मोठी, शेपटीकडे बारीक होत जातात. शेपटीचं टोक दोरीने आवळलेलं.

हे जाळं माशांच्या मागे जात नाही. पाणी वाहतं, पाण्याबरोबर बोंबील, मांदेली, करंदी, जवळा आत लोटला जातो आणि प्रवाहाच्या दाबामुळे परत फिरू शकत नाही. भरती किंवा सुकती संपून पाणी थांबलं की दाब जातो, तेव्हाच जाळं ओढता येतं. टोकाची दोरी सोडली की मासळी होडीत. पुढचं पाणी उलट दिशेने वाहणार, म्हणून डोलीचं तोंड तिकडे करायचं.

यावरून तीन गोष्टी लक्षात घ्या.

होड्या परत येण्याची वेळ घड्याळावर नसते, पाण्यावर असते. काल सकाळी आठला मासळी उतरली म्हणून आज आठला उतरेल असं नाही.

उधाणाला प्रवाह जोरात, म्हणून डोल चांगली फुगते. भांगाला, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास, पाणी मंद वाहतं, जाळं पोटात भरत नाही, डिझेलचा खर्च सुटत नाही. अनेक होड्या तेव्हा किनाऱ्यालाच असतात.

आणि डोलीत जे वाहत येतं ते सगळं अडकतं. प्लास्टिकच्या पिशव्यांनी बारीक घरं बुजली की पाणी आरपार जात नाही, जाळ्यावर ताण येतो आणि ते फाटतं. किनाऱ्यावर तुम्ही सोडलेली चिप्सची पिशवी याच जाळ्यात जाऊन बसते. त्यामुळे कचरा परत नेणं हा इथे शिष्टाचारापेक्षा मोठा विषय आहे. थेट कुणाच्या तरी दिवसाच्या कमाईचा.

---

वलांडी

(पुढे) वाळवण. ऑक्टोबर ते मे हा मुख्य काळ, थंडीचे कोरडे दिवस सर्वांत चांगले. माझं नाव ज्यावरून घेतलंय ती वलांडी म्हणजे बांबूचे खांब आणि त्यांच्यामध्ये ताणलेल्या दोऱ्या किंवा आडवे बांबू. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर लटकवायची. दात आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे पकड सुटत नाही, वेगळा दोरा लागत नाही.

बोंबलात पाण्याचं प्रमाण फार मोठं, वजनाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक. म्हणून तो पडून राहिला की तासाभरात लिबलिबीत होतो. लटकवला की पाणी निथळून जातं, सगळीकडून वारा लागतो आणि दोन-तीन दिवसांत तो खडखडीत होतो. मध्येच ढग आले किंवा पाऊस शिंतडला तर तोच माल नासतो आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या नाहीतर खताच्या भावाने जातो. अवकाळी पावसाच्या बातमीने कोळीवाड्यात धावपळ का उडते ते यात आहे.

जवळा आणि करंदी मात्र जमिनीवर पसरून वाळवतात, त्या जागेला खळं म्हणतात. लांबून ते रिकामं अंगण वाटतं. मुलाला आधीच सांगून ठेवा: गुलाबी-करडा पातळ थर दिसला तर तो अन्नाचा आहे, त्यावरून पळायचं नाही. चपलेची वाळू जवळ्यात गेली की ती निघत नाही, खाताना दाताखाली येते आणि त्या मालाचं गिऱ्हाईक तुटतं.

बघायचं असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं न राहता कडेला उभं राहा, आणि आधी विचारा. 'मावशी, बघू का थोडं?' एवढं पुरतं. फोटो काढायचा तर तेही विचारून. सकाळी मासळी निवडत असताना हात रिकामे नसतात, त्या वेळी प्रश्न विचारत बसू नये. दुपारी जाळं विणायला बसलेल्या माणसाकडे वेळ असतो.

---

सागरगोटा

वर 'पाऊणपट' यांनी उधाण सुचवलंय, पण मला भांगाचे दिवस बरे वाटतात. होड्या किनाऱ्याला, जाळी वाळूत पसरलेली, माणसं दुरुस्तीला बसलेली. डोल ही केवढी लांब गोष्ट आहे ते पाण्यात असताना कळतच नाही, जमिनीवर पसरलेली असते तेव्हा कळतं. तांडेल (होडीचा म्होरक्या), खलाशी, सगळे गावात असतात.

आणि भांगाला ओहोटीही फार खोल जात नाही. अष्टमीला दुपारी बाराला सुकती असली तरी पाणी उधाणाच्या सुकतीइतकं लांब पळत नाही.

---

वलांडी

@सागरगोटा, हे बरोबर आहे, मोठ्या माणसांना बोलायला वेळ हवा असेल तर भांगच बरा. पण धागाकर्तीला मासळी उतरताना, निवडताना, लटकवताना बघायची आहे आणि विकतही घ्यायची आहे. भांगाला माल थोडा, आणि जो येतो तो मुंबईकडे निघून जातो.

---

पाऊणपट

भांगाचा मुद्दा मान्य, फक्त एक भर: भांगाला 'कमी खोल ओहोटी' असली तरी ती मध्यान्हीला येते, म्हणजे उतरताना किंवा चढताना एकदा तरी जास्त अंतर गाळातून चालावं लागणार. तरुण गट असेल तर काहीच अडचण नाही.

---

नाळ-सुकाणू

चढण्या-उतरण्याबद्दल. गुडघाभर पाण्यातून चढायची तयारी ठेवूनच निघा.

होडी किनाऱ्याला नाळ, म्हणजे पुढचं टोक, लावून उभी असते. नाळेकडे कड उंच असते, तिथून चढायचा हट्ट करू नका. मधल्या भागापासून मागे कड खाली येते, तिथे होडीवाले हात देतात.

होडी आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका. लाट मागून येते, होडी पुढे ढकलली जाते आणि मधला माणूस दाबला जातो. बाजूला उभं राहायचं.

लाट होडीला उचलते आणि खाली सोडते. उचलली जात असताना पाय टाकला तर कड नडगीवर आपटते. होडी खाली बसली की त्या क्षणी दोन्ही हात कडेच्या आतल्या बाजूला, आणि पोटावर भार देऊन आत. ज्येष्ठांनी पाय आधी टाकण्यापेक्षा कडेवर बसून पाय आत फिरवावेत, गुडघ्याला पीळ पडत नाही. दोन होड्या शेजारी असतील तर बोटं कडेच्या बाहेर ठेवू नका.

पायांत पट्ट्यांच्या सँडल. चपला गाळात अडकून राहतात आणि अनवाणी पायाला कालवांच्या कवचाची धार लागते. ती जखम छोटी दिसते पण आत चिखल जातो. गोड्या पाण्याने खळखळून धुवा, जंतुनाशक लावा, कोरडी पट्टी बांधा.

मोबाईल, औषधं आणि कोरडे कपडे दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकीत एक. सुटे पैसे वरच्या खिशात. मुलाला लाइफ जॅकेट घाला, त्याच्या मापाचं हवं. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या गळ्यातून वर सरकतं. मापाचं मिळेल याची खात्री नसेल तर घरून न्या.

होडी भरलेली वाटली तर पुढची घ्या. त्या होडीतून गावातली माणसं बाजार, गॅसचे सिलिंडर, शाळेची दप्तरं घेऊन ये-जा करतात. त्यांची ती रोजची गाडी आहे, त्यांना आधी जागा द्या. परतीची शेवटची फेरी कधी आणि दुपारी फेऱ्या थांबतात का, हे जातानाच होडीवाल्याला विचारा आणि त्याच्या आधीची फेरी धरा.

---

चैत्रपालवी

पोहण्याचा बेत आहे का? विचारलेलं नाही, तरी लिहिते. पोहू नका. बेट वैतरणेच्या मुखाशी आहे. ओहोटीला समुद्राचं पाणी आणि नदीचं पाणी एकाच दिशेला, बाहेर, जातं. वरून सपाट दिसणारं पाणी कमरेपर्यंत उतरलेल्या माणसाला ओढून नेतं. गाळही आहे, त्यात पाय रुतला की दुसरा पाय टेकवून सुटायचा प्रयत्न केला तर दोन्ही रुततात. सुकतीला समोरचा किनारा जवळ दिसतो म्हणून चालत पार जायचं धाडस तर अजिबात नको.

---

गडवाटा

आता किल्ला. पुरा बघायला दीड तास, ज्येष्ठांबरोबर दोन.

मुख्य दरवाजा दोन भक्कम बुरुजांमध्ये आहे. आत शिरण्याआधी थांबा. दरवाजावर हत्ती आणि वाघासारख्या प्राण्यांची शिल्पं आहेत आणि देवनागरी शिलालेख आहे. त्यात बाजीरावाचं नाव येतं, आणि पाश्चात्यांना हरवून समुद्रात जंजिरा बांधण्याची आज्ञा शंकराजीपंतांना (शिलालेखात नुसतं 'शंकर') दिल्याचं सांगितलं आहे. पेशव्यांच्या वसई मोहिमेत १७३७ साली हे बेट पोर्तुगीजांकडून घेतलं, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. अर्नाळा आधी का घेतला हे तटावर उभं राहिलं की समजतं: वैतरणेत शिरणारं प्रत्येक गलबत इथून दिसतं.

आतलं दृश्य इतर जलदुर्गांपेक्षा वेगळं आहे. पडके वाडे कमी, शेती जास्त. गावातली कुटुंबं आत भाजीपाला पिकवतात. पायवाट सोडून वाफ्यांतून आडवं जाऊ नका. त्र्यंबकेश्वराचं मंदिर आणि त्याजवळचं अष्टकोनी तळं बघा. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या जागेत गोडं पाणी साठवण्याची ती सोय होती. तळ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, पाण्याजवळच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर उतरू नये. भवानीचं मंदिर आणि दर्गाही आत आहे. पादत्राणं बाहेर.

तटावरून फेरी मारता येते. जिन्यांना कठडा नाही, पायऱ्या उंच आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी खाली तळ्याकाठी सावलीत बसावं, बाकीच्यांनी फेरी मारावी. मुलाला तटाच्या आतल्या कडेने चालवा, समुद्राकडच्या बाजूला भिंत आहे पण आतल्या बाजूला आडोसा नाही, सरळ खाली पडायला होतं, म्हणून मोठ्या माणसाने आतल्या बाजूला राहून मुलाला मध्ये घ्यावं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत कमरेएवढं वाढतं, पायाखालचे दगड दिसत नाहीत. डिसेंबरपर्यंत ते वाळतं.

किल्ल्याबाहेर दक्षिणेला एक सुटा गोल बुरूज आहे. त्याच्याकडे जायला वाट वस्तीच्या कडेने आणि किनाऱ्याने आहे. बरेच जण तो न बघता परत जातात. भरतीच्या अगदी वरच्या टप्प्यात किनाऱ्याचा पट्टा अरुंद होतो, तेव्हा वस्तीतल्या वाटेने जा. बेटाचा किनारा लाटांनी खचतो आहे, घरांच्या पाठीमागची वाळू गेलेली दिसेल. तिथल्या बंधाऱ्याच्या दगडांवर चढू नका, ते सैल असतात.

याच किल्ल्याचं नाव भारतीय नौदलाच्या 'अर्नाळा' या पाणबुडीविरोधी युद्धनौकेला दिलं आहे. ती १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला ताफ्यात दाखल झाली. मुलाला हे सांगा, तट बघायला त्याला जास्त मजा येईल.

---

निळीशाई

@गडवाटा, आतली आणि बाहेरची बाजू वाचताना गोंधळले. मूल नक्की कुठे?

---

गडवाटा

बरोबर विचारलंत, वर 'आतल्या कडेने चालवा' हे चुकीचं लिहिलं गेलं. मूल समुद्राकडच्या भिंतीलगत, मोठं माणूस किल्ल्याच्या आतल्या बाजूला. धोका आतल्या बाजूने पडण्याचा आहे. भिंत जिथे ढासळलेली आहे तिथे हात धरून, आणि झरोक्यांत चढू द्यायचं नाही.

---

कोयता

मासळी खरेदी.

पापलेट: कल्ल्याजवळ दाबा. पांढरं पाणी आलं तर ताजा, लालसर आलं तर शिळा. (२०२३ पासून पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. अगदी पिल्लं विकायला असतील तर घेऊ नका. अंडी घालण्याआधीच ते संपलं तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार?)
बोंबील: गुलाबी झाक, अंगावर चकाकी, उचलल्यावर आकार टिकतो. करडा आणि पसरट झालेला सोडा.
करंदी: डोकं घट्ट चिकटलेलं हवं. डोकं काळं पडलं किंवा सुटत असेल तर नको.
चिंबोरी: दोन सारख्या आकाराच्या हातात घ्या, जड ती घ्या. हलकी आतून रिकामी, पाणी भरलेली असते.
इतर मासे: डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून येतो.

छोटी मासळी वाट्यावर मिळते, मोठी नगावर. दोन वाटे घेतलेत तर मावशी आपणहून थोडी वर घालतात. घासाघीस फार ताणू नका, शहरातल्या बाजारातला भाव डोक्यात धरून तर मुळीच नाही. तो भाव वाहतूक, बर्फ आणि मधले दोन-तीन हात मिळून झालेला असतो.

ताजी मासळी घरी न्यायची तर जितकी मासळी तितकाच बर्फ, वजनाला वजन. थर्माकोलच्या खोक्यात तळाला बर्फ, मग मासळी, वर पुन्हा बर्फ. बर्फ फोडलेला हवा, लादीचे मोठे तुकडे माशाला लागत नाहीत आणि मधल्या हवेत मासा तापतो. वितळलेलं पाणी काढत राहा, माशाने त्यात पोहत राहिलं तर चव जाते. बर्फ बेटावर मिळेल हे गृहीत धरू नका. सोपा मार्ग: ताजी मासळी परतीच्या दिवशी अर्नाळ्याच्या बाजारातून घ्या, बेटावरून सुकी घ्या. विरार लोकलमध्ये ताज्या मासळीचं खोकं मालडब्यात.

सुका बोंबील वाकवून बघा. कट्‌कन मोडला तर पुरता वाळलेला. वाकला आणि लवचिक राहिला तर घरी बुरशी येईल. घरी आल्यावर एक दिवस कडक ऊन देऊन हवाबंद डब्यात. जवळा थोडा तळहातावर चोळून फुंका, वाळू राहिली तर लगेच दिसते.

---

रानजाई

पावसाळ्यात जायचा विचार कुणी करत असेल तर: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, म्हणजे बघायला काम नाही आणि समुद्र खवळलेला. गावकऱ्यांना पर्याय नसतो म्हणून ते पार करतात. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर डंख मारणारे, जेलीफिशसारखे निळे जीवही येतात, वाळूत पडलेले मेल्यासारखे दिसले तरी डंख होतो. नारळी पौर्णिमेला सोन्याचा मुलामा दिलेला नारळ समुद्राला अर्पण करतात, तो सोहळा बघायचा तर अलीकडच्या किनाऱ्यावरूनच बघा.

---

चैत्रपालवी

रात्रीचा मुक्काम अलीकडे, अर्नाळा, नवापूर, राजोडी या पट्ट्यात. बेटावर असेपर्यंतची गरज भागेल इतकं पाणी, माणशी दोन लिटर, न्या. गोड्या पाण्याच्या विहिरी गावाच्या आहेत, हात-पाय धुवायला त्यातलं पाणी मागू नका. स्वच्छतागृह होडीत बसण्याआधीच वापरा. दारू नेऊ नका. हे गाव आहे, आणि नशेत होडीत चढणारा माणूस सगळ्यांना बुडवू शकतो.

रविवारी ज्येष्ठांसाठी वसईचा किल्ला. सपाट आहे, रिक्षा जवळपर्यंत जाते, शेजारी पाचूबंदरचा कोळीवाडा. वाटेत नालासोपाऱ्याचा स्तूप, जिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलं होतं, अर्ध्या तासात होतो.

---

निळीशाई

सगळ्यांचे आभार. दोन शनिवार जमतात: एक शुक्ल त्रयोदशीचा, दुसरा कृष्ण द्वितीयेचा. पहिल्याला दोघांची सुट्टी सहज मिळते.

---

पाऊणपट

त्रयोदशीला भरती पावणेदहा, सुकती चारच्या सुमारास. सर्वांत जोरात पाणी उतरेल ते पावणेबारा ते पावणेदोन. म्हणजे साडेआठच्या होडीने जाऊन बाराच्या आत परत. साडेआठला किनाऱ्यावर पोहोचायला आदल्या रात्री अर्नाळ्यात राहावं लागेल, आणि किल्ला घाईत होईल. दुपारी वाळवणाच्या वेळेला तुम्ही बेटावर नसाल.

कृष्ण द्वितीयेला भरती दीडला. सकाळी घरून निघून अकराची होडी, आधी किल्ला, मग तळ्याकाठी डबा, दोन वाजता वलांड्यांकडे, साडेतीनच्या आत परतीच्या होडीत. उधाण एक-दोन दिवस मागाहून येत असल्याने त्या दिवशी डोलीही भरलेल्या असतील.

एक सुट्टी मागावी लागली तरी द्वितीया घ्या. साडेतीनचं मात्र पक्कं धरा, चार नाही.

---

वलांडी

आणि त्या दिवशी आकाश ढगाळ असेल तर खळ्याच्या बाजूला जाऊच नका. माल गोळा करायची घाई असेल, वाटेत माणूस नको असतो. किल्ल्यातून दक्षिणेच्या बुरुजाकडे वळा.